राज्य नसलेला मुत्सद्दी
(न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रपुस्तिकेची प्रस्तावना)

न्यायमूर्ती रानडे यांच्या नोकरीची नुसती यादी वाचली, तर हा माणूस मोठा कशामुळे झाला ते समजत नाही. अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक, पुण्याला पहिल्या वर्गाचे सबजज्ज, तिथून नाशिक, नाशिकहून धुळे, मग मुंबईला मॅजिस्ट्रेट, पुन्हा पुणे, स्मॉल कॉज कोर्ट, स्पेशल जज्ज, आणि शेवटची सात-एक वर्षे मुंबईचे हायकोर्ट. बदल्यांनी भरलेले सर्व्हिस बुक. आपल्याकडच्या कुठल्याही कष्टाळू सरकारी अधिकाऱ्याचे असावे तसे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात उदारमतवादी मुत्सद्द्यांची एक मोठी रांग उभी होती. प्रशियात स्टाइन आणि हार्डेनबर्ग यांनी वेठबिगारीत अडकलेल्या शेतकऱ्याला मोकळे करण्याचे कायदे आणले. इटलीत काव्हूरने एका छोट्या राज्याच्या पंतप्रधानपदावरून देश जोडत आणला. इंग्लंडात ग्लॅडस्टन चार वेळा पंतप्रधान झाला आणि आयर्लंडच्या कुळांसाठी एकामागून एक कायदे करत राहिला. या लोकांची चरित्रे लिहायला सोपी. निवडणूक, मंत्रिपद, विधेयक, पराभव, पुन्हा निवडणूक, अशी प्रकरणे आपोआप पडतात. रानड्यांना मंत्रिपद तर सोडाच, मुंबईच्या कायदे कौन्सिलात जी जागा मिळाली तीही सरकारने नेमून दिलेली. स्वतःच्या सहीने कायदा करण्याचा अधिकार त्यांना आयुष्यात एक दिवसही नव्हता. तरी माझे म्हणणे असे आहे की त्यांनी जे केले ते मुत्सद्द्याचेच काम होते. फक्त ते दुसऱ्याच्या राज्यात, दुसऱ्याच्या नोकरीत आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या सहीने केले. ही पुस्तिका वाचताना हे एवढे ध्यानात ठेवले तर तिच्यातली बरीच कोडी सुटतील, आणि रानड्यांना दिलेली काही दूषणे खरी का आहेत तेही कळेल.

वणीतून रानड्यांवर पुस्तक निघते याचे काहींना नवल वाटेल. वाटू नये. दिंडोरी तालुक्यातून उतरलेली कादवा शेजारच्या निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते आणि त्या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी रानडे जन्मले. वडील गोविंद अमृत रानडे तिथल्या मामलेदार कचेरीत नोकरीला होते. पुढे त्यांनी कोल्हापूर संस्थानात नोकरी धरली, आणि महादेवाचे बालपण तिकडेच गेले. म्हणजे जन्मापुरताच आमच्या जिल्ह्याचा हक्क, असे कोणी म्हणेल. पण १८७८ मध्ये हा माणूस नाशिकला न्यायाधीश म्हणून परत आला, आणि त्या मुक्कामात जे सुरू झाले त्याचा शेवट त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड वर्षात झाला. त्याकडे पुढे येतोच.

शिक्षणाचा भाग लेखकाने सविस्तर दिला आहे, मी तो भरभर ओलांडतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकच्या परीक्षेत जे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले त्यांत रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ ला पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली, तीत हे दोघे आणि वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे असे चौघे. वाचनाने डोळे अधू झाले ते कायमचे. एका निबंधात मराठी राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी करताना त्यांनी इंग्रजांना कमी लेखले, म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. ग्रँट विद्वान होते आणि विद्यार्थ्यावर त्यांचा लोभही होता. तरी शिक्षा झालीच. इंग्रजांच्या उदारपणाला कुंपण कुठे असते, हे रानड्यांना विशीच्या आसपासच कळले. त्यांनी उदारपणावरचा विश्वास सोडला नाही, पण कुंपणही विसरले नाहीत.

१८७१ च्या अखेरीस ते पुण्याला सबजज्ज म्हणून आले. आदल्या वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, गणेश वासुदेव जोशी यांनी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापली होती. जोश्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत. सभेचा सभासद व्हायचे तर काही लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे, म्हणजे कोणाच्या तरी वतीने बोलण्याचा अधिकार कागदावर हवा. मतदानाचा हक्क नसलेल्या मुलखात प्रतिनिधित्वाची ही युक्ती होती, आणि ती मला आजही चलाख वाटते. काका चळवळ्ये होते. दिल्ली दरबाराला १८७७ साली हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेलेला हा माणूस. रानडे सरकारी नोकर, त्यांना सभेत उघडपणे पुढे येणे अवघड. मग वाटणी झाली. काकांनी फिरायचे आणि बोलायचे, रानड्यांनी मसुदे करायचे. १८७५ मध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी ब्रिटिश पार्लमेंटात घ्यावेत असा अर्ज सभेने केला. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले आणि त्यातले बरेचसे लेख रानड्यांचे, बहुतेक बिननावाचे. जमीन महसूल, चलन, मीठ, जंगल, नगरपालिका यांतला एकही विषय त्यांनी सोडला नाही.

१८७६ च्या दुष्काळात सभेने जे केले ते वाचताना आपण आजच्या काळातले काही वाचतो आहोत असे वाटते. सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवली, गावोगावची पिकाची, पाण्याची, गुरांची, धान्याच्या भावाची माहिती गोळा केली आणि ती सरकारकडे नेमाने धाडली. सरकारने दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी ठरवली, ती कल्पना सर रिचर्ड टेंपल यांची. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने एवढ्यावर जगावे, असा हिशेब. मजुरांनी कामे सोडली, आणि सभेने त्यांची बाजू घेतली. इथे कोणी भाषण केलेले नाही, दगड मारलेला नाही. आकडे मांडलेत. पण सरकारला दगडापेक्षा आकडे जास्त लागतात हे रानड्यांना ठाऊक होते, आणि टेंपलनाही. हेच टेंपल १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर होऊन आले.

आता नाशिक. १८७८ साली रानड्यांची इथे बदली झाली. पुण्यातला त्यांचा वावर सरकारला खुपत होता. नाशिकला तेव्हा गोपाळ हरी देशमुख, म्हणजे ‘शतपत्रां’चे लोकहितवादी, जॉइंट जज्ज होते. वयाने रानड्यांहून एकोणीस वर्षांनी मोठे. विचारांच्या दोन पिढ्यांची माणसे एकाच गावच्या कोर्टात यावीत असा योग नाशिकच्या वाट्याला आला, पण आपण त्याची फारशी आठवण ठेवलेली नाही. नाशिक म्हटले की लोकांना १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या आठवतात. ते साहजिकच आहे. गोळीचा आवाज सभेतल्या ठरावापेक्षा लांब ऐकू जातो.

पुण्याच्या भरल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा धाक नाशिकला नव्हता, त्यामुळे रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांचा अभ्यास इथे मोकळेपणी चालला. प्रार्थना समाजाच्या विचारांची मंडळी जमू लागली. सगळे ठीक चालले असताना १८७९ चा मे महिना आला. कोर्टाला सुट्टी म्हणून रानडे पुण्याला गेलेले. १३ मेच्या रात्री पुण्यातले बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. तेव्हा वासुदेव बळवंत फडके यांचे बंड ऐन भरात होते. सरकारच्या डोक्यात एकच समीकरण पक्के झाले: पुणे, ब्राह्मण, बंड. गव्हर्नर टेंपल त्याच उन्हाळ्यात व्हाइसरॉयला चित्पावनांविषयी जे लिहीत होते त्यावरून त्यांचा संशय किती खोल होता ते दिसते. रानड्यांना तातडीने धुळ्याला हजर होण्याचा हुकूम आला.

मित्रांनी सांगितले, प्रकृतीचे कारण दाखवा, डोळ्यांचे कारण दाखवा, धुळ्याचा उन्हाळा सोसणार नाही असे लिहा. रानड्यांनी ते केले नाही. नोकरी करतो तोवर पाठवतील तिकडे जायचे, जमणार नाही तेव्हा राजीनामा द्यायचा, ही त्यांची भूमिका. धुळ्यात त्यांचे टपाल फोडून वाचले जात होते. फडक्यांच्या नावाने, बंडवाल्यांच्या नावाने पत्रे येऊ लागली, अमुक ठिकाणी दरोडा घालणार आहोत, अमुक तयारी झाली आहे. रानडे ती पत्रे जशीच्या तशी अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. हा सापळा होता हे त्यांनी ओळखले होते, आणि त्यावर उतारा म्हणजे काहीच न लपवणे. काही दिवसांनी संशय निवळला.

या प्रसंगाचा आणखी एक पदर आहे. फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. देशी व्यापार कसा बुडाला, संपत्ती कशी बाहेर चालली, यावर रानड्यांनी पुण्यात जी व्याख्याने दिली ती ऐकणाऱ्यांत फडकेही होते. एकाच व्याख्यानातून एक श्रोता रामोशी आणि धनगरांना गोळा करून डोंगरात गेला, आणि वक्ता आपल्या मेजाशी बसून त्रैमासिकाचा पुढला लेख लिहू लागला. फडके पकडले गेल्यावर त्यांचा बचाव करायला उभे राहिलेल्या वकिलांत सार्वजनिक काका होते. म्हणजे सभेच्या मंडळींनी बंडाला साथ दिली नाही, पण बंडखोराला वाऱ्यावरही सोडले नाही. फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. यांतला कुठला मार्ग खरा, हा वाद महाराष्ट्राने शंभर वर्षे घातला. माझ्या मते दोघांच्या मुळाशी शेतकऱ्याचे तेच दारिद्र्य होते, आणि वाद घालणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्या दारिद्र्याचाच विषय बाजूला टाकला.

रानड्यांची धुळ्यातून सुटका कशी झाली ते मजेदार आहे, आणि इथे युरोप पुन्हा आत येतो. १८८० च्या वसंतात इंग्लंडात निवडणूक झाली. हुजूर पक्षाकडून उभे राहण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मुंबईची गव्हर्नरी सोडली, आणि तिकडे ते पडले. ग्लॅडस्टन जिंकला, त्याने लॉर्ड रिपन यांना व्हाइसरॉय करून पाठवले. जानेवारी १८८१ मध्ये रानडे मुंबईला मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. धुळ्यातल्या एका न्यायाधीशाचे टपाल फोडले जाईल की नाही, हे काही अंशी इंग्लंडातल्या एखाद्या गावच्या मतदारांवर अवलंबून होते. रानड्यांना हे अपमानास्पद वाटत नसेल असे नाही. पण त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष व्यवहारी होता: दार उघडे आहे तोवर आत जेवढे नेता येईल तेवढे न्यावे. रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. पुढे १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली. आपली पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची वंशावळ तिथपर्यंत जाते.

ज्या भागासाठी वणी-दिंडोरीच्या शेतकऱ्याने हे पुस्तक हातात घ्यावे तो आता येतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी तेच झाले. रोख बहुतेक ठिकाणी कर्जरोख्यांवर होता. लोकांनी कागद मागितले आणि जाळले. सरकारने चौकशी नेमली आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा निघाला. प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्यात एक गोष्ट फार मोठी होती. रोख्यावर अंगठा आहे म्हणून न्यायाधीशाने डोळे मिटून हुकूमनामा द्यायचा नाही. रोख्याच्या मागे जायचे, देणे-घेणे पहिल्यापासून तपासायचे, मूळ रक्कम किती, व्याज किती, व्याजावर व्याज किती चढले ते पाहायचे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. जमीन रीतसर गहाण नसेल तर ती लिलावात काढायची नाही. रोखे गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावेत. तडजोड होते का ते आधी पाहावे.

करार म्हणजे करार, त्यात सरकारने पडू नये, ही त्या काळच्या इंग्रजी उदारमताची पहिली श्रद्धा. ग्लॅडस्टनला आयर्लंडच्या जमिनीच्या बाबतीत ती सोडावी लागली, आणि त्याच सुमारास दख्खनमध्येही ती सोडावी लागली. रानड्यांना ही श्रद्धा कधीच पुरती पटली नव्हती. उपाशी माणूस आणि त्याचा सावकार यांच्यात झालेला करार दोन मोकळ्या माणसांतला करार नव्हे, हे त्यांना कोर्टात रोज दिसत होते. या कायद्याखाली ते आधी सहायक आणि पुढे १८८७ पासून स्वतः स्पेशल जज्ज झाले. काम फिरतीचे. चार जिल्ह्यांतल्या खालच्या कोर्टांची तपासणी, निवाडे फिरवणे, गावकऱ्यांचे ऐकणे. रमाबाई फिरतीवर बरोबर असत.

कायद्याने सगळे साधले असे मात्र नाही. सावकारही शहाणे होते. गहाणखताऐवजी त्यांनी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे मागे जायला रोखाच उरू नये. शिवाय कायदा जुने कर्ज हलके करत होता, नवे कर्ज देत नव्हता. पेरणीच्या तोंडाशी बी आणायला पैसा कोण देणार? म्हणून सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी शेतकी बँकेची योजना आखली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचा, जुनी कर्जे ठरवून फेडायची, आणि वाजवी व्याजाने पुढले कर्ज द्यायचे. इथल्या सरकारने ती उचलून धरली, लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कचेरीने ती गाडली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ ला झाला. रानडे तेव्हा हयात नव्हते. आज आपल्या गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून द्राक्षबागेसाठी पीककर्ज उचलताना, सातबाऱ्यावर बोजा चढवून घेताना, पुरंदरची ती फसलेली योजना कोणाला आठवण्याचे कारण नाही. पण अर्ज कुठून सुरू झाला ते कधीतरी पाहावे.

रानड्यांचे अर्थशास्त्र म्हणजे याच अनुभवाचा विस्तार. १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की इंग्लंडात तयार झालेले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सारखे लागत नाहीत. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्ट त्यांना जवळचा वाटे. देशी उद्योगाला उभे राहीपर्यंत राज्याने हात द्यावा, हे त्यांचे सांगणे. १८८३ मध्ये बंगालच्या कुळकायद्यावर लिहिताना त्यांनी स्टाइन-हार्डेनबर्ग यांच्या प्रशियातल्या जमीन सुधारणांचा अभ्यास मांडला. डचांनी जावा बेटावर चालवलेल्या सक्तीच्या लागवडीवरही लिहिले. पुण्यातला एक न्यायाधीश, कोर्टाचे काम आटोपून, अधू डोळ्यांनी, दुसऱ्याकडून वाचून घेऊन प्रशियाच्या शेतकऱ्याचा इतिहास समजून घेतो आहे. असे मंत्री युरोपातही फार नव्हते.

आता दूषणे. लेखकाने ती झाकलेली नाहीत याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

१८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा, त्यापायी वाळीत पडलेला हा पुढारी. लोकांची अपेक्षा होती की तो विधवेशी लग्न करील. वडिलांनी हट्ट धरला आणि लवकरच अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. त्या रमाबाई. टीका झाली, आणि ती रास्तच होती. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले, घरातल्या विधवा बहिणीचा आणि इतर बायकांचा विरोध सोसून शिकवले. त्या बाईंनी पुण्यात सेवासदनासारखी संस्था मोठी केली. म्हणून चूक पुसली गेली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती चूक तशीच आहे. तिच्यातून निघालेले चांगले हे बरेचसे रमाबाईंचे कर्तृत्व आहे.

दुसरी गोष्ट १४ ऑक्टोबर १८९० ची. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी कप नुसता हातात धरला. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. त्या मंडळींत टिळकही होते, रानडेही होते. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. बहिष्कारामुळे मित्रांच्या घरांत लेकी-सुनांचे हाल होत होते, त्यांची अडचण सुटावी म्हणून. रमाबाईंनाही ते रुचले नव्हते. युरोपातला मुत्सद्दी तडजोड करतो ती विधेयकाच्या एखाद्या कलमावर, आणि संध्याकाळी घरी जातो. रानड्यांच्या तडजोडी स्वयंपाकघरात आणि देवघरात झाल्या. घरच्या माणसांच्या देखत. म्हणून त्या जास्त बोचतात, लोकांनाही आणि आपल्यालाही.

तिसरे दूषण जोतीराव फुल्यांचे आणि मला ते सर्वांत जड वाटते. १८७५ साली पुण्यात स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली तेव्हा रानडे आणि फुले एका बाजूला होते. पण १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे रानड्यांनी पाठवलेले निमंत्रण फुल्यांनी खरमरीत पत्र लिहून नाकारले. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी रानड्यांनी केलेल्या विधानाला उत्तर म्हणून ‘इशारा’ ही पुस्तिका काढली. शूद्र-अतिशूद्रांचे म्हणणे सार्वजनिक सभेच्या अर्जांत नाही, हा फुल्यांचा आक्षेप होता. मुखत्यारपत्राची युक्ती मी वर चलाख म्हटली, पण ती पत्रे कोणाकोणाची होती हेही विचारले पाहिजे. इनामदार, सरदार, वकील, पेन्शनर. शेतात राबणारा माणूस रानड्यांच्या लेखात आकडा म्हणून येतो, कोर्टात वादी-प्रतिवादी म्हणून येतो, सभेत मात्र क्वचितच खुर्चीवर बसतो.

१८९५ साली सार्वजनिक सभेवर टिळकांच्या गटाचा ताबा आला. त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरवू द्यायची नाही, असा आग्रह उठला. रानड्यांनी परिषद वेगळ्या ठिकाणी घेतली आणि १८९६ मध्ये डेक्कन सभा नावाची नवी संस्था काढली. भांडले नाहीत. हातातून एक संस्था गेली की दुसरी उभी करायची, हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ. वक्तृत्वोत्तेजक सभा, वसंत व्याख्यानमाला, मुलींचे हायस्कूल, औद्योगिक परिषद, यादी लांब आहे आणि पुस्तिकेत ती येईल. काही संस्था आजही चालू आहेत. गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या हाताखाली मसुदे लिहायला शिकले आणि पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलू लागले, तेव्हा रानड्यांना न मिळालेली जागा त्यांच्या शिष्याने वापरली.

वणीच्या वाचकाला एक प्रकरण विशेष जवळचे वाटेल. मराठ्यांच्या इतिहासात आपल्या गावाचे नाव येते ते १७ ऑक्टोबर १६७० च्या वणी-दिंडोरीच्या लढाईमुळे. सुरत दुसऱ्यांदा लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखान कुरेशीने या बाजूला गाठले आणि महाराजांनी त्याला उघड्या मैदानात हरवले. मोगल फौजेशी समोरासमोर झालेली ही लढाई आम्ही अभिमानाने सांगतो, सप्तशृंगीच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यालाही सांगतो. रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजी पुस्तक लिहिले तेव्हा त्यांचा भर लढायांवर नव्हता. ही सत्ता एकट्या वीराच्या तलवारीतून उगवली नाही. आधी दोन-तीनशे वर्षे संतांनी, त्यांत कुंभार, शिंपी, माळी, महार सगळे आले, समाज एकमेकांशी जोडला आणि मग राज्य झाले, अशी त्यांची मांडणी होती. इतिहासकार ग्रँट डफला जे लुटारूंचे वादळ दिसले होते त्यात रानड्यांनी राष्ट्र पाहिले. या मांडणीवर पुढे पुष्कळ आक्षेप आले. संतांचे काम त्यांनी आपल्या प्रार्थना समाजाच्या चष्म्यातून पाहिले, युरोपातल्या धर्मसुधारणेशी ते फारच जुळवून घेतले, हे मलाही वाटते. पण वणी-दिंडोरीच्या मैदानात जे मावळे लढले ते आले कुठून, त्यांना एकत्र कशाने ठेवले, हा प्रश्न विचारणारा तो पहिला मोठा मराठी अभ्यासक. पुस्तकाचा दुसरा भाग लिहायचा राहिला. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते मुंबईत वारले.

बेचाळीस वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्यात रानड्यांच्या जयंतीला डॉ. आंबेडकर बोलले. आमच्याच जिल्ह्यात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालवलेला आणि १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केलेला माणूस एका ब्राह्मण न्यायमूर्तीविषयी काय बोलतो, हे ऐकण्यासारखे होते. विभूतिपूजेवर त्यांनी त्या भाषणात सडकून टीका केली, आणि तरी रानड्यांना मोठे म्हटले, ते समाज बदलल्याशिवाय राजकीय हक्क टिकत नाहीत या आग्रहासाठी. ज्याला मंदिराच्या दाराशी अडवले गेले त्याने हे प्रमाणपत्र दिलेले आहे. आमच्यासारख्यांच्या प्रस्तावनेपेक्षा त्याची किंमत निश्चित जास्त.

वाचकांना एवढेच सुचवतो की ही पुस्तिका वाचून झाल्यावर रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ मिळवाव्यात. १९१० चे पुस्तक आहे, मराठी साधे आणि चटपटीत आहे. त्यातला नाशिक-धुळ्याचा भाग आधी वाचला तरी चालेल. न्यायमूर्ती, सभा, त्रैमासिक हे सगळे त्यात मागे राहते. वर्तमानपत्र वाचून दाखव म्हणून बायकोच्या मागे लागणारा, चुकली की गप्प होणारा आणि त्या गप्पपणानेच तिला घाबरवणारा एक नवरा त्यात आहे, आणि आमचा चरित्रकार त्याच्यापर्यंत फार थोडा पोचला आहे. तो दोष त्यांचा एकट्याचा नाही. रानड्यांच्या कुठल्याच पुरुष चरित्रकाराला ते जमलेले मी पाहिलेले नाही.

वणी, जि. नाशिक